सेकंड शिफ्ट, बाइकची डिकी आणि लॉकपिकचा सेट

पत्र थोडक्यात असं: वाचक नाशिकचे, वय ३६, अंबड एमआयडीसीत एका टूलरूममध्ये, म्हणजे साचे-अवजारं बनवायच्या विभागात, कामाला. मोबाइलवर कुलूप उघडायचे व्हिडिओ बघता बघता नाद लागला, मग हॅकसॉ ब्लेडचा तुकडा घासून घरातलं एक जुनं पितळी कुलूप चावीशिवाय उघडलं आणि तेव्हापासून डोक्यात तेच. आता नीट सेट घ्यायचाय, पण "पोर्टेबलच हवा, बाइकच्या डिकीत कायम राहील असा, म्हणजे सोसायटीत कुणी दाराबाहेर अडकलं तर मला उपयोगी पडता येईल." तीन सेट कार्टमध्ये टाकून ठेवलेत: चाकूसारखा घडी होणारा, क्रेडिट कार्डाच्या आकाराचा पत्र्याचा, आणि पारदर्शक कुलुपासकट मिळणारा चोवीस पीसचा. बजेट तीन हजार. मावसभाऊ जर्मनीत असतो, दिवाळीला येणार आहे, तोही आणू शकतो. बायकोची हरकत नाही. वडील म्हणतात ही चोराची विद्या आहे, घरात नको. सेकंड शिफ्ट असली की घरी यायला रात्रीचे साडेबारा-एक होतात. कायद्याचं काही लफडं होईल का, हेही विचारलंय.

उत्तर:

तिन्हीपैकी कुठला घेऊ असं विचारलंय तुम्ही, आणि मी तिन्ही नको म्हणणार आहे, पण त्याआधी डिकीचं बोलू, कारण सगळा घोळ तिथं आहे.

पत्राच्या शेवटी सहज लिहून गेलात की सेकंड शिफ्टला घरी यायला साडेबारा-एक होतो. आता कायदा बघा. महाराष्ट्र पोलीस कायदा १९५१, म्हणजे आधीचा मुंबई पोलीस कायदा, त्याचं कलम १२२. सूर्यास्त ते सूर्योदय या वेळात कुणाजवळ घरफोडीचं साधन सापडलं आणि ते का बाळगलंय याचं कायदेशीर कारण त्याला देता आलं नाही तर तो गुन्हा होतो, आणि यातली मेख अशी की कारण पटवून द्यायची जबाबदारी त्या माणसावरच टाकलीय, पोलिसांवर नाही. घरी टेबलावर बसून स्वतःच्या मालकीचं कुलूप उघडलं तर त्यात गुन्हा काही नाही, छंद तो छंद. पण रात्री एक वाजता नाकाबंदीला हवालदारांनी डिकी उघडायला लावली आणि आत पाउचमध्ये हुकं आणि वाकवलेल्या पट्ट्या निघाल्या, तर "साहेब, माझा छंद आहे" हे वाक्य कसं वाटेल ते एकदा घरी मोठ्याने म्हणून बघा. कदाचित साहेब समजूतदार निघतील, कदाचित त्याच आठवड्यात त्या भागात दोन घरफोड्या झालेल्या असतील. मी वकील नाही, पुढे कोर्टात काय होईल ते वकील सांगेल, पण तिथपर्यंत जायचंच कशाला? सेट डिकीत नको, ऑफिसच्या सॅकमध्ये नको, चावीच्या जुडग्याला तर अजिबात नको.

दुसरं ते मदतीचं. तुमचा हेतू चांगला आहे त्याबद्दल शंका नाही, पण जरा डोळ्यासमोर आणा. टेबलावर व्हाइसमध्ये धरलेलं ओळखीचं कुलूप उघडणं वेगळं, आणि जिन्यात वाकून, आत गॅसवर कुकर, बाहेर चार जण "झालं का, झालं का" करत असताना दुसऱ्याच्या दाराचं नाइट लॅच उघडणं वेगळं. हल्लीच्या बऱ्याच मेन डोअरना आपण जिला कॉम्प्युटर की म्हणतो तसली चावी असते, जिच्या कडेला दाते नसून सपाट अंगावर खड्डे असतात, तिथं साध्या सेटमधली हुकं कामाची नाहीत, त्याला वेगळी टूल्स आणि वेगळा सराव. जोर लावताना टोक तुटून आत राहिलं तर नंतर सापडलेली चावीसुद्धा आत जाणार नाही, मग कुलुपाचा सिलेंडर कापायचा खर्च कोण देणार? आणि सगळ्यात वाईट म्हणजे दार नक्की कुणाचं हे तुम्हाला माहीत नसतं. मालक-भाडेकरूचं भांडण असतं, नवरा-बायकोचं असतं, भावाभावांचं असतं, आणि "दादा जरा उघडून द्या ना" म्हणणारा प्रत्येक जण खराच अडकलेला असतो असं नाही.

नेदरलँड्समध्ये सुरू झालेली टूल (TOOOL) नावाची, कुलपं उघडायचा छंद असलेल्या हौशी लोकांची संघटना आहे, त्यांच्यात दोन नियम पाळतात आणि ते तुम्ही आजच घेऊन टाका. जे कुलूप आपलं नाही ते मालकाच्या परवानगीशिवाय उघडायचं नाही. आणि जे कुलूप वापरात आहे ते उघडायला घ्यायचं नाही, आपलं स्वतःचं असलं तरी. दुसरा नियम लोक हमखास मोडतात आणि मग सकाळी आपल्याच दाराबाहेर उभे राहतात. सोसायटीतल्या कुणाला मदत करायचीच असेल तर दोन चांगल्या चावीवाल्यांचे नंबर सेव्ह करून ठेवा, ही खरंच मोठी मदत आहे.

आणि एखाद्या दिवशी चावीवाला आला तर बाजूला उभं राहून त्याचं काम बघा. बरेचदा तो पिकिंग, म्हणजे हुकं घालून उघडणं, करतच नाही. कोरी चावी आत घालतो, डावी-उजवीकडे दाबून हलवतो, बाहेर काढून उजेडात तिरकी धरतो, कुलुपातल्या पिना जिथं आवळल्या तिथं बारीक चकाकता ठिपका उमटलेला असतो, तेवढ्याच जागी कानशीचे दोन-तीन हात, पुन्हा आत. असं करत करत कुलूप उघडतं आणि उघडतं तेव्हा हातात तयार चावीसुद्धा असते. तुम्ही टूलरूमवाले, कानस हातात बसलेली, मला विचाराल तर पिकिंगपेक्षा या प्रकारात तुम्ही पटकन तयार व्हाल. पण ते नंतर.

आता कुलपं. व्हिडिओ बघून सेट मागवणाऱ्याची फसगत इथं होते. ते सगळे अमेरिकेतले, युरोपातले लोक, त्यांच्या हातात जवळजवळ कायम पिन टम्बलर, म्हणजे आत छोट्या पिना असलेलं, कुलूप असतं, ज्याचं पेटंट लायनस येल ज्युनिअरने १८६१ आणि १८६५ साली घेतलं तो प्रकार, आणि बाजारातले बहुतेक सेट त्यासाठीच बनवलेले. आपल्याकडे घरोघरी जे लटकतं ते कुलूप मात्र बरेचदा लिव्हरचं असतं. गोदरेजचं नवताल घ्या, अलीगढची कुलपं घ्या, अंगावरच लिहिलेलं असतं ६ लिव्हर, ७ लिव्हर, ८ लिव्हर. त्यात आत पट्ट्या असतात एकावर एक, चावीने प्रत्येक पट्टी नेमकी हवी तेवढी उचलली की मगच बोल्ट सरकतो. अशा कुलुपाला तुम्ही तीन हजाराचा परदेशी सेट लावलात तर हुक आत नुसतं गोल गोल फिरेल. लोक म्हणतात सेट भंगार निघाला. सेट ठीक असतो हो, कुलूपच वेगळ्या जातीचं असतं.

म्हणून सेट बघायच्या आधी एक काम करा, घरात पडलेली सगळी जुनी कुलपं एका वर्तमानपत्रावर काढा आणि कुलपाकडे नाही, चावीकडे बघा. चावीच्या एका कडेला करवतीसारखे तिरके दाते आणि अंगावर लांब खाच, म्हणजे पिनांचं कुलूप, हे तुमचं. चपट्या पट्टीला चौकोनी पायऱ्या, किंवा गोल दांडीला पुढे झेंडा, तर बहुधा लिव्हर, ते बाजूला ठेवा, वर्षभराने बघू. ऑफिसच्या ड्रॉवरची, लेटरबॉक्सची छोटी पातळ चावी असते त्यात आत पिनांऐवजी पातळ पत्रे असतात, ती फार लवकर उघडतात आणि उगाच आत्मविश्वास चढतो. खड्डेवाली चावी असेल तर नमस्कार करून परत जागेवर.

पिनांचं कुलूप तुम्हाला समजवायला सोपं आहे. प्लगमध्ये, म्हणजे चावीबरोबर फिरतो त्या भागात, आणि वरच्या बॉडीत मिळून पाच भोकं, प्रत्येकात खाली एक पिन, वर एक पिन, तिच्यावर स्प्रिंग. ही पाच भोकं कागदावर एका रेषेत असतात, प्रत्यक्षात ड्रिल मारताना ती किती एका रेषेत येतात ते तुम्हाला मी काय सांगणार, काही शतांश मिलिमीटर इकडे-तिकडे होतातच. त्यामुळे प्लगला हलका पीळ दिला की पाचही पिना एकदम आवळत नाहीत, आधी एकच आवळते. तिला हुकाने शोधून हळू उचललं की बारीक टक् होतं, प्लग केसभर फिरतो आणि मग दुसरीच कुठली तरी पिन आवळते. ती कधी तिसऱ्या नंबरची असते, कधी पहिल्या, क्रम प्रत्येक कुलुपाचा आपला आपला. म्हणजे सगळी मजा तुमच्या मशीन शॉपच्या टॉलरन्सवर, मापातल्या चालवून घेतलेल्या फरकावर, चाललीय. आणि यातून सेट निवडायची सगळ्यात महत्त्वाची गोष्ट निघते: हुक ज्या हातात आहे त्याच्यापेक्षा पीळ देणारा हात मोठा. टेन्शन टूल, म्हणजे पीळ द्यायची पट्टी, चांगलं हवं. स्वस्त सेटमध्ये नेमकी तिथंच काटकसर असते, पंधरा प्रकारची हुकं आणि दोन मऊ वाकड्या पट्ट्या.

आता तुमच्या कार्टकडे येऊ.

घडीचा चाकूसारखा सेट दिसायला झकास असतो हे मान्य. पण त्याची मूठ जाड, पिकचं टोक तुमच्या बोटांपासून लांब, मधे स्क्रूचा प्ले, त्यामुळे मघाशी म्हटलं ते टक् बोटापर्यंत पोचतच नाही. टेन्शन टूल त्यात वेगळं अडकवलेलं असतं आणि पहिलं हरवतं तेच. ज्याचा हात तयार आहे तो त्याने उघडेल, पण शिकायला नाही. कार्डाचा प्रकार म्हणजे पातळ पत्र्यातून कापलेली टूल्स, तोडून काढायची, मूठ नाही, कडा बोटात रुततात, दहा मिनिटांनी अंगठा लाल. आणि "पाकिटात मावतं" ही त्याची एकमेव खुबी, जिची तुम्हाला गरज नाही हे वर आपण बघितलंच. चोवीस पीसवाल्यात निम्मे पीस एकमेकांचे जुळे भाऊ असतात, स्टील मऊ, दोन-चार रविवार वापरल्यावर हुकं वाकतात. त्यातलं पारदर्शक कुलूप मुलांना आत काय चालतं ते दाखवायला छान आहे, सरावाला नाही, त्यात सगळं इतकं ढिलं असतं की नुसतं हलवलं तरी उघडतं, आणि डोळ्याने बघून उघडायची सवय लागते जी पुढे मोडायला त्रास होतो. पिक गन, इलेक्ट्रिक गन वगैरे दिसेल सेलमध्ये, त्याच्या नादी लागू नका, शिकायला काही मिळत नाही आणि नाकाबंदीला काय दिसेल ते दिसेलच.

मग घ्यायचं काय? छोटा सेट, पूर्ण लांबीच्या टूल्सचा, चष्म्याच्या केसमध्ये मावेल एवढा. एवढं पोर्टेबल पुरे, कपाटातून टेबलावर आणि फार तर मित्राच्या घरी. त्यात एक शॉर्ट हुक ०.६ मिमी जाडीचं, तसंच एक ०.४ च्या आसपासचं चावीच्या अरुंद भोकासाठी (ऑनलाइन हे इंचात लिहितात, ०.०२५ आणि ०.०१५ किंवा ०.०१८), एक जरा उंच हुक, एक रेक म्हणजे लाटांसारखं टोक असलेलं, तेही बोगोटा नावाचं तीन लाटांचं मिळालं तर उत्तम. बाकी हाफ डायमंड, बॉल, साप, करवत अशा आकारांची टोकं असतात, त्यातलं काही सुरुवातीला नसलं तरी चालतं, अनुभवी लोकसुद्धा पाउच भरून टूल्स बाळगतात आणि हात जातो तो त्याच दोन हुकांकडे. टेन्शनसाठी मात्र चार तरी हवीत, चावीच्या भोकाच्या खालच्या तोंडाशी बसणारी दोन, वेगवेगळ्या रुंदीची, दोन वरच्या म्हणजे पिनांच्या बाजूच्या तोंडाशी बसणारी, साधारण १ मिमी आणि १.३ मिमी जाडीची. वरची बसली की हुकाला आत मोकळी जागा मिळते. व्हर्नियर तुमच्याकडे आहेच, आपल्या कुलपांची भोकं मोजा आणि त्याप्रमाणे ऑर्डर करा.

स्टेनलेस बघा. साधं स्प्रिंग स्टील टूल म्हणून वाईट नाही, पण पावसाळ्यात घामाच्या हाताने वापरून ठेवलं की गंज धरतं, नाशकात धरतो तर कोकणात, मुंबईत विचारायला नको. आल्या आल्या टोकं आणि कडा वॉटर पेपरने घासा, ४०० मग ६०० मग १०००, कारण कडा खरबरीत असली की ती प्लगच्या भिंतीला घासून खोटं टक् देते आणि तुम्ही तासभर भुताच्या मागे. हे काम तुम्हाला कुणी शिकवायला नको.

खरं सांगू का, तुमच्या जागी मी टेन्शन टूल्स विकत घेतलीच नसती. खराब वायपर ब्लेडच्या रबरात दोन बाजूंना स्टीलच्या लांब पट्ट्या असतात, गॅरेजवाला फुकट देईल, त्या हव्या त्या मापाला कापून वाकवल्या की फर्स्ट क्लास टेन्शन टूल होतं, जगभरचे हौशी लोक हेच करतात. फटी मोजायच्या जुन्या फीलर गेजच्या पात्यांची हुकं होतात. ग्राइंडरवर करताना तापून निळं पडू द्यायचं नाही, पाण्यात बुडवत बुडवत, हे तुम्हीच मला सांगाल. कंपनीच्या ग्राइंडरवर मात्र करू नका, गेटवर कुणी विचारलं तर तेच उत्तर देत बसावं लागेल.

तीन हजारांतले फार तर निम्मे टूल्सवर घाला, उरलेले कुलपांवर. हे कुणी सांगत नाही कारण सेट विकणाऱ्याला कुलपं विकायची नसतात. हार्डवेअरच्या दुकानातून पिनांचं साधं पितळी कुलूप ४० मिमीच्या आसपासचं, एक वेगळ्या कंपनीचं, आणि जमलं तर सरावाचा सिलेंडर ज्याला वरून छोटे स्क्रू असतात आणि पिना काढता-घालता येतात. आधी एकच पिन ठेवून उघडा, मग दोन, मग तीन. हे कंटाळवाणं वाटेल पण यातूनच हात तयार होतो. पुण्याचे वाचक असतील त्यांनी बुधवारी-रविवारी जुन्या बाजारात चक्कर मारावी, बोहरी आळीत नवीन मिळेल, मुंबईकरांना लोहार चाळ आहेच. जुनं घेताना चावीसकट घ्या, नाहीतर कुलूप आधीच बिघडलेलं आहे की आपल्याला जमत नाही हे शेवटपर्यंत कळत नाही. छोटा व्हाइस टेबलाला लावा, पीळ देताना जोर किती तर पेन धरतो तेवढा, बहुतेक जण याच्या दसपट जोर लावतात आणि मग म्हणतात पिना हलत नाहीत.

आता वडील. त्यांना पटवायला इतिहास आहे भरपूर. १८५१ साली लंडनला ते मोठं प्रदर्शन भरलं तेव्हा अल्फ्रेड हॉब्ज नावाच्या अमेरिकन माणसाने आधी चब कंपनीचं डिटेक्टर कुलूप उघडून दाखवलं, मग ब्रामा कंपनीचं, जे दुकानाच्या खिडकीत २०० गिनींच्या बक्षिसाची पाटी लावून कित्येक वर्षं ठेवलेलं होतं. त्याला १६ दिवसांत मिळून ५१ तास लागले. तेव्हाही इंग्रजांत वाद झालाच की हे असं उघड करावं का, पण कुलूप बनवणाऱ्यांना त्यानंतर हातपाय हलवावे लागले. फाइनमनसारखा मोठा भौतिकशास्त्रज्ञ लॉस अ‍ॅलमॉसला अणुबॉम्बच्या कामावर असताना सहकाऱ्यांच्या तिजोऱ्या उघडून ठेवायचा.

पण मला वाटत नाही बाबांना हॉब्जबद्दल काही अडचण आहे. त्यांना दिसतंय ते असं की उद्या बिल्डिंगमध्ये कुणाचं घर फुटलं तर पहिली नजर कुणाकडे वळेल. आणि ही काळजी वेडगळ नाही हो. म्हणून सोसायटीच्या ग्रुपवर व्हिडिओ टाकू नका, गणपतीत सगळ्यांसमोर करून दाखवू नका, "अमक्याला येतं उघडता" ही ख्याती होऊच देऊ नका. बाबांना एकदा शेजारी बसवून नियम सांगा, टूल्स आणि सरावाची कुलपं एकाच पेटीत ठेवा म्हणजे बघणाऱ्यालाही छंद आहे हे दिसतं, पेटीला कुलूप लावा आणि चावी बाबांकडे द्या. त्या पेटीचं कुलूप मात्र उघडायचं नाही, वापरातलं आहे ते!

राहिला मावसभाऊ. जर्मनीत हा रीतसर खेळ आहे, १९९७ पासून त्यांची संघटना आहे, स्पर्धा घेतात, आणि तिकडची टूल्स चांगली असतात, तेव्हा आणू दे. पण "एक चांगला सेट आण" असं सांगू नका, तो मोठ्यात मोठा घेऊन येईल. वर लिहिलंय तेवढंच पाठवा त्याला, जाडीसकट. बिल बरोबर ठेवायला सांगा आणि चेक-इन बॅगेत टाकायला सांगा, केबिन बॅगेत नको, सिक्युरिटीच्या रांगेत कुलूपशास्त्रावर चर्चा करायला कुणाला वेळ नसतो. बाहेर राहणारे जे वाचक हे वाचत असतील त्यांनी आपापल्या देशाचं बघून घ्या, जपानमध्ये २००३ पासून असली टूल्स कारणाशिवाय नुसती जवळ बाळगणंसुद्धा गुन्हा आहे, ब्रिटनमध्ये १९६८ च्या चोरीच्या कायद्यात चोरीसाठी साधनं घेऊन घराबाहेर सापडण्याचं वेगळं कलम आहे. आणि भावाला म्हणावं, दाराचा जुना काढून टाकलेला एखादा सिलेंडर मिळाला तर तो पण टाक बॅगेत, चावीसकट. तुमचं चाळीस एमएमचं पितळी कुलूप सहज उघडायला लागेल तेव्हा त्यावर बसा, त्यातल्या काही पिना मधे बारीक केलेल्या असतात, प्लग फिरल्यासारखा वाटतो आणि तिथंच अडकतो, पीळ जरासा सोडून परत यावं लागतं. त्यात तुमचे रविवार जातील.